हुतात्मा जस्टिन

हुतात्मा जस्टिन (जन्म : इ.स. सुमारे १००, फ्लाविया निआपोलिस. मृत्यू : इ.स. सुमारे १६५, रोम) हे दुसऱ्या शतकातील ख्रिस्ती तत्त्वज्ञ, शिक्षक आणि ग्रीक भाषेतील ग्रंथकार होते. रोमन साम्राज्यात ख्रिस्ती असणे हाच दंडनीय अपराध ठरत असताना सम्राटाला उद्देशून लेखन करून ख्रिस्ती समाजाची बाजू मांडणाऱ्या आरंभीच्या लेखकांमध्ये त्यांची गणना होते. अशा लेखकांना समर्थनकार म्हटले जाते. ‘पहिले समर्थन’, ‘दुसरे समर्थन’ आणि ‘त्रिफोशी संवाद’ हे त्यांचे तीन ग्रंथ आज उपलब्ध आहेत.

‘पहिले समर्थन’ या ग्रंथाच्या अखेरच्या भागात जस्टिन यांनी ख्रिस्ती लोकांच्या रविवारच्या सभेची माहिती क्रमवार दिली आहे. रविवारच्या ख्रिस्ती उपासनेचे हे आज उपलब्ध असलेले सर्वांत जुने सविस्तर वर्णन होय. रविवारची उपासना चौथ्या शतकात सम्राट कॉन्स्टंटाइन यांच्या आज्ञेने सुरू झाली, असा एक समज प्रचलित आहे. त्या आज्ञेच्या सुमारे १६५ वर्षे आधी लिहिलेले हे वर्णन तो समज खोडून काढते. रोममधील खटल्यानंतर जस्टिन यांचा शिरच्छेद करण्यात आला. त्यामुळे त्यांच्या नावापुढे ‘हुतात्मा’ हे उपपद लावण्याची परंपरा ख्रिस्ती जगात रूढ झाली.

जन्म आणि कुटुंब

जस्टिन यांचा जन्म शोमरोन प्रांतातील फ्लाविया निआपोलिस या नगरात झाला. प्राचीन शखेम नगराजवळ सम्राट व्हेस्पासियन यांच्या काळात, इ.स. ७२ च्या सुमारास हे नगर वसवण्यात आले. निआपोलिस या नावाचेच पुढे नाब्लुस असे रूपांतर झाले असून ते आज पॅलेस्टाइनच्या पश्चिम किनारा भागातील प्रमुख शहर आहे. जस्टिन यांनी आपल्या वडिलांचे नाव प्रिस्कस आणि आजोबांचे नाव बाक्खियस असे दिले आहे. यांपैकी पहिले नाव लॅटिन व दुसरे ग्रीक आहे. जस्टिन स्वतःला शोमरोनी म्हणवत असले, तरी त्यांचे कुटुंब यहुदी किंवा शोमरोनी धर्माचे नव्हते. त्यांची सुंता झालेली नव्हती आणि त्यांचे संगोपन ग्रीक-रोमन संस्कारांत झाले.

तत्त्वज्ञानाचा शोध आणि धर्मांतर

‘त्रिफोशी संवाद’ या ग्रंथाच्या आरंभी जस्टिन यांनी आपल्या तरुणपणातील ज्ञानशोधाची हकीकत दिली आहे. प्रथम ते एका स्टोइक गुरूकडे गेले; परंतु ईश्वराविषयीचे ज्ञान त्या गुरूला आवश्यक वाटत नसल्याने त्यांनी त्याला सोडले. ॲरिस्टॉटलच्या परंपरेतील दुसऱ्या गुरूने थोड्याच दिवसांत शुल्काचा विषय काढल्यामुळे जस्टिन यांना तो तत्त्वज्ञच वाटेना. पायथागोरसच्या पंथातील तिसऱ्या गुरूने संगीत, खगोलशास्त्र आणि भूमिती यांचे पूर्वशिक्षण असल्याखेरीज शिष्य म्हणून स्वीकारण्यास नकार दिला. शेवटी ते प्लेटोच्या परंपरेतील गुरूकडे शिकू लागले व तेथे त्यांचे मन रमले.

याच काळात समुद्राजवळील एका एकांत ठिकाणी त्यांची एका वृद्ध गृहस्थाशी गाठ पडली. आत्म्याचे स्वरूप आणि ईश्वराचे ज्ञान यांविषयी दोघांची चर्चा झाली. मानवी तर्काच्या मर्यादा दाखवून त्या वृद्धाने जस्टिन यांना इस्राएलच्या संदेष्ट्यांचे ग्रंथ वाचण्यास सांगितले. या भेटीनंतर आपल्याला खरे तत्त्वज्ञान सापडले, असे जस्टिन यांनी नमूद केले आहे. ही हकीकत तत्कालीन साहित्यप्रकाराच्या साच्यात बसवलेली असावी, असे काही अभ्यासक मानतात. धर्मांतराचे दुसरे एक कारण जस्टिन यांनी ‘दुसरे समर्थन’मध्ये सांगितले आहे. ख्रिस्ती लोक मृत्यूला निर्भयपणे सामोरे जाताना पाहून, असे लोक दुराचारी असणे शक्य नाही, अशी त्यांची खात्री पटली. त्यांचे धर्मांतर साधारणपणे इ.स. १३० च्या सुमारास झाले असे मानले जाते.

ख्रिस्ती झाल्यानंतरही त्यांनी तत्त्वज्ञाचा विशिष्ट झगा वापरणे सोडले नाही. ख्रिस्ती धर्म हेच परिपूर्ण तत्त्वज्ञान होय, अशी त्यांची भूमिका होती. विश्वव्यापी ईश्वरी शब्दाचे (लोगोसचे) बीज प्रत्येक मानवात असते. म्हणून सॉक्रेटिस आणि हेराक्लिटस यांच्यासारखे विवेकाने जगणारे पुरुष ख्रिस्तपूर्व काळातील असले, तरी एका अर्थाने ख्रिस्तीच होते, असे प्रतिपादन त्यांनी केले.

रोममधील वास्तव्य

पुढे जस्टिन रोमला गेले व तेथे त्यांनी शिकवण्यास आरंभ केला. मध्यंतरी ते रोमबाहेर गेले होते आणि नंतर पुन्हा तेथे येऊन राहिले. ते एका सार्वजनिक स्नानगृहाजवळ, कोणा एकाच्या घराच्या वरच्या मजल्यावर राहत आणि जो कोणी येईल त्याला शिकवत. चार शुभवर्तमानांचा एकत्रित वृत्तांत सिद्ध करणारा सिरियाचा ततियान हा त्यांच्या शिष्यांपैकी एक होता. रोममध्येच मार्सियन हा शिक्षकही प्रभावी ठरत होता. जुन्या करारातील ईश्वर आणि येशूचा पिता हे वेगळे आहेत, या त्याच्या मताला जस्टिन यांनी कडाडून विरोध केला. मार्सियनविरुद्ध त्यांनी लिहिलेला ग्रंथ आज उपलब्ध नाही.

त्या काळी ख्रिस्ती उपासनेसाठी स्वतंत्र मंदिरे बांधलेली नव्हती. रोममधील ख्रिस्ती लोक शहराच्या निरनिराळ्या भागांत खासगी घरांमध्ये जमत. बंद दारांमागे होणाऱ्या या सभांविषयी समाजात अफवा पसरल्या होत्या. ख्रिस्ती लोक देवांना मानत नाहीत म्हणून ते नास्तिक आहेत, त्यांच्या भोजनात नरमांस खाल्ले जाते आणि दिवे मालवून तेथे व्यभिचार चालतो, असे आरोप त्यांच्यावर होत. इ.स. ११२ च्या सुमारास बिथुनिया-पोंतचा प्रशासक धाकटा प्लिनी याने सम्राट ट्रेजन यांना पाठवलेल्या पत्रातही अशा सभांचा उल्लेख येतो. ख्रिस्ती लोक एका ठरावीक दिवशी पहाटेपूर्वी जमून ख्रिस्ताला देव मानून स्तोत्र म्हणतात आणि नंतर साधे भोजन करण्यासाठी पुन्हा एकत्र येतात, अशी माहिती त्याला चौकशीत मिळाली होती. संघटनांवर बंदी घातल्यानंतर त्यांनी हे भोजन बंद केल्याचेही त्याने कळवले. जस्टिन यांना सम्राटापुढे उपासनेची उघड माहिती द्यावीशी का वाटली, हे या पार्श्वभूमीवर समजते.

‘पहिले समर्थन’

हा ग्रंथ इ.स. १५५ च्या सुमारास लिहिला गेला. सम्राट अँटोनायनस पायस, त्यांचे दत्तक पुत्र, रोमचे सिनेट आणि रोमन जनता यांना उद्देशून सादर केलेल्या विनंती अर्जाचे स्वरूप त्याला आहे. केवळ ‘ख्रिस्ती’ या नावावरून कोणाला शिक्षा करू नये, प्रत्यक्ष अपराध सिद्ध झाला तरच दंड द्यावा, ही त्यातील मुख्य मागणी आहे. त्यानंतर ख्रिस्ती शिकवण, नीती आणि संदेष्ट्यांची भाकिते यांचे विवेचन येते. शेवटच्या भागात बाप्तिस्मा, प्रभुभोजन आणि रविवारची सभा यांची माहिती दिली आहे. गुप्ततेमुळे संशय वाढतो, हे ओळखून जस्टिन यांनी सभेत काय घडते ते उघडपणे सांगण्याचा मार्ग स्वीकारला.

रविवारच्या सभेचे वर्णन

जस्टिन यांच्या वर्णनानुसार, सूर्याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या दिवशी शहरांत आणि खेड्यांत राहणारे सर्व ख्रिस्ती एका ठिकाणी जमत. प्रथम प्रेषितांच्या आठवणी किंवा संदेष्ट्यांचे लेख वेळ असेल तितका काळ वाचले जात. प्रेषितांच्या आठवणी या शब्दांनी त्यांना शुभवर्तमाने अभिप्रेत आहेत, हे त्यांनी ग्रंथात अन्यत्र स्पष्ट केले आहे. वाचन संपल्यावर सभेचा प्रमुख उपदेश करी आणि वाचलेल्या चांगल्या गोष्टींचे अनुकरण करण्याचे आवाहन करी. त्यानंतर सर्व जण उभे राहून एकत्र प्रार्थना करीत.

प्रार्थनेनंतर भाकर, द्राक्षारस आणि पाणी आणले जाई. प्रमुख आपल्या शक्तीनुसार प्रार्थना व उपकारस्तुती करी. त्या काळी या प्रार्थनेचे शब्द पूर्णपणे ठरलेले नसावेत, असा निष्कर्ष अभ्यासक यावरून काढतात. जमलेले लोक आमेन म्हणून तिला संमती देत. मग आशीर्वादित भाकर व द्राक्षारस प्रत्येकाला वाटला जाई आणि जे येऊ शकले नाहीत त्यांच्यासाठी सेवकांच्या हाती त्यांच्या घरी पाठवला जाई. या भोजनात केवळ बाप्तिस्मा घेतलेल्या आणि शिकवणीनुसार जगणाऱ्या व्यक्तींनाच सहभागी होता येत असे.

सभेचा शेवटचा भाग दानाचा होता. सधन लोकांपैकी ज्यांची इच्छा असेल ते आपल्या मर्जीनुसार दान देत. कोणावरही सक्ती नसे. जमलेला निधी प्रमुखाकडे ठेवला जाई. त्यातून अनाथ, विधवा, आजारी, तुरुंगात असलेले, परगावाहून आलेले आणि इतर गरजू यांना साहाय्य केले जाई. रविवारची सभा ही अशा रीतीने उपासनेबरोबरच परस्पर साहाय्याचीही व्यवस्था होती.

वाचन, प्रवचन, सामुदायिक प्रार्थना, भाकर व द्राक्षारसावरील उपकारस्तुती, वाटप आणि दान हा क्रम आजच्या कॅथलिक मिस्सामध्ये तसेच ऑर्थोडॉक्स, अँग्लिकन व अन्य अनेक पंथांच्या रविवारच्या उपासनेत कमी-अधिक फरकाने दिसतो. त्यामुळे उपासनापद्धतीच्या इतिहासात या परिच्छेदाला मूलभूत साधनाचे स्थान आहे.

रविवारच का

जस्टिन यांनी रविवारच्या निवडीची दोन कारणे दिली आहेत. अंधार आणि मूळ द्रव्य यांच्यात बदल घडवून ईश्वराने ज्या दिवशी सृष्टी निर्माण केली, तो हा पहिला दिवस होय, हे पहिले कारण. याच दिवशी येशू ख्रिस्त मेलेल्यांतून उठले, हे दुसरे. शनीच्या दिवसाच्या आदल्या दिवशी येशूला क्रुसावर खिळण्यात आले आणि शनीच्या दिवसानंतरच्या दिवशी ते शिष्यांना दिसले, अशी कालगणना त्यांनी दिली आहे.

वारांची नावे वापरताना जस्टिन यांनी वाचकवर्गाचे भान ठेवलेले दिसते. रोमन वाचकांसाठी लिहिताना ते सूर्याचा दिवस आणि शनीचा दिवस ही ग्रहांवरून पडलेली नावे वापरतात. मराठीतील रविवार व शनिवार ही नावेही याच ग्रहक्रमावर आधारलेली आहेत. यहुदी संवादकाशी बोलताना मात्र ते त्याच दिवसाला आठवड्याचा पहिला दिवस किंवा आठवा दिवस असे म्हणतात. सूर्याचा दिवस हा शब्दप्रयोग करताना सूर्यपूजेशी संबंध जोडण्याचा त्यांचा हेतू नव्हता. प्रचलित नाव म्हणून त्यांनी तो वापरला. सृष्टीचा आरंभ आणि पुनरुत्थान या दोनच गोष्टींना त्यांनी दिवसाच्या महत्त्वाचे कारण मानले आहे.

या वर्णनात रविवारी काम बंद ठेवण्याचा उल्लेख कोठेही नाही. रोमन साम्राज्यात रविवार हा तेव्हा कामाचा दिवस होता. सभेला येणाऱ्यांमध्ये गुलाम आणि कष्टकरी यांचाही समावेश असे. त्यामुळे विश्रांतीचा दिवस आणि उपासनेचा दिवस या दोन कल्पना जस्टिन यांच्या काळात वेगळ्या होत्या.

जस्टिनपूर्व उल्लेख

जस्टिन यांनी या प्रथेचा आरंभ केला नाही; आधीपासून चालत आलेली प्रथा त्यांनी नोंदवली. नव्या करारातील करिंथकरांस पहिल्या पत्रात पौल यांनी प्रत्येकाने आठवड्याच्या पहिल्या दिवशी दानासाठी काही बाजूला ठेवावे, अशी सूचना दिली आहे. ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात त्रोवस येथे आठवड्याच्या पहिल्या दिवशी भाकर मोडण्यासाठी शिष्य जमल्याची नोंद आहे. ‘प्रकटीकरण’ या पुस्तकात प्रभूचा दिवस हा शब्दप्रयोग येतो. ‘दिदाखे’ या प्राचीन नियमग्रंथात प्रभूच्या दिवशी एकत्र येऊन भाकर मोडण्याची आज्ञा आहे. अंत्युखियाचे बिशप इग्नेशियस यांच्या पत्रात शब्बाथऐवजी प्रभूच्या दिवसाला अनुसरून जगण्याचा विचार आढळतो. बर्नबाच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या पत्रात येशूच्या पुनरुत्थानाचा आठवा दिवस आनंदाने पाळण्याचा उल्लेख आहे. मात्र हे सर्व उल्लेख संक्षिप्त असून सभेचा संपूर्ण क्रम त्यांतून समजत नाही. ती उणीव जस्टिन यांच्या वर्णनाने भरून निघते.

‘त्रिफोशी संवाद’ आणि शब्बाथचा प्रश्न

हा ग्रंथ इ.स. १६० च्या सुमारास लिहिला गेला. त्रिफो नावाच्या सुशिक्षित यहुदी गृहस्थाशी दोन दिवस चाललेली चर्चा, असे त्याचे स्वरूप आहे. बार कोखबाच्या नेतृत्वाखालील बंडामुळे (इ.स. १३२–१३५) त्रिफोला आपला देश सोडावा लागला होता. ही चर्चा इफिस येथे झाल्याचे इतिहासकार युसेबियस यांनी म्हटले आहे.

त्रिफोचा आक्षेप सरळ होता. ख्रिस्ती लोक ईश्वराचे भक्त म्हणवतात. पण शब्बाथ पाळत नाहीत, सण पाळत नाहीत आणि सुंताही करीत नाहीत, मग त्यांच्यात व इतर राष्ट्रांत फरक कोणता, असा त्याचा प्रश्न होता. जस्टिन यांनी त्याला अनेक प्रकारे उत्तर दिले. हाबेल, हनोख, नोहा आणि मोशेपूर्वीचे इतर नीतिमान पुरुष शब्बाथ न पाळताही ईश्वराला प्रिय होते. सृष्टीतील तत्त्वे सातव्या दिवशी थांबत नाहीत. पापापासून दूर राहणे हाच खरा आणि नित्याचा शब्बाथ होय. मुलाची सुंता जन्मानंतर आठव्या दिवशी करण्याच्या नियमात त्यांनी आठव्या दिवशी झालेल्या पुनरुत्थानाचे पूर्वचिन्ह पाहिले.

येशूवर विश्वास ठेवून शब्बाथही पाळणाऱ्या यहुदी ख्रिस्ती लोकांविषयी जस्टिन यांची भूमिका तुलनेने सौम्य होती. अशा व्यक्तींनी इतरांवर ती सक्ती केली नाही, तर त्यांचे तारण होईल, असे त्यांनी म्हटले. त्यांच्याशी व्यवहारही न ठेवणारे ख्रिस्ती लोक आहेत, हे मान्य करून त्या मताशी आपण सहमत नसल्याचे त्यांनी सांगितले. शब्बाथ आणि रविवार दोन्ही मानणारे समूह दुसऱ्या शतकाच्या मध्यातही अस्तित्वात होते, हे यावरून दिसते.

या ग्रंथाची दुसरी बाजूही आहे. यहुदी लोकांचे हृदय कठोर असल्यामुळे त्यांना शब्बाथ व सुंता हे नियम दिले गेले आणि बंडानंतर त्यांच्यावर आलेली संकटे न्याय्य होती, असे जस्टिन यांनी लिहिले आहे. अशा युक्तिवादांचा पुढील शतकांत यहुदीविरोधी लेखनात वापर झाला. म्हणून आधुनिक अभ्यासक या भागाकडे टीकात्मक दृष्टीने पाहतात. ग्रंथाच्या शेवटी मात्र त्रिफो ख्रिस्ती होत नाही आणि दोघे परस्परांना शुभेच्छा देऊन निरोप घेतात.

‘दुसरे समर्थन’ आणि क्रेसेन्सशी वाद

या छोट्या ग्रंथाला रोममधील एका घटनेचे निमित्त झाले. ख्रिस्ती झालेल्या एका स्त्रीने दुराचारी पतीपासून विभक्त होण्याचा निर्णय घेतल्यावर पतीने तिच्याविरुद्ध आणि तिचा शिक्षक टॉलेमियस याच्याविरुद्ध तक्रार केली. नगरप्रमुख उर्बिकस याने टॉलेमियसला केवळ ख्रिस्ती असल्याच्या कबुलीवरून मृत्युदंड दिला. या निर्णयाला आक्षेप घेणाऱ्या लुसियस या व्यक्तीलाही तीच शिक्षा झाली.

याच ग्रंथात क्रेसेन्स या सिनिक पंथीय तत्त्वज्ञाशी झालेल्या जाहीर वादाचा उल्लेख आहे. ख्रिस्ती शिकवणीविषयी क्रेसेन्सला काहीच माहिती नाही, हे आपण सिद्ध केल्याचे जस्टिन यांनी लिहिले. त्याच्या किंवा त्याच्यासारख्या कोणाच्या कारस्थानाने आपल्यालाही मृत्युदंड होईल, अशी शंका त्यांनी व्यक्त केली होती. युसेबियस यांनी पुढे जस्टिन यांच्या मृत्यूला क्रेसेन्सला जबाबदार धरले. परंतु खटल्याच्या वृत्तांतात क्रेसेन्सचे नाव येत नाही.

खटला आणि मृत्यू

सम्राट मार्कस ऑरेलियस यांच्या कारकिर्दीत, इ.स. १६५ च्या सुमारास जस्टिन आणि त्यांच्या सहा साथीदारांना अटक झाली. खरितो ही स्त्री आणि खरितोन, युएल्पिस्तस, हिएराक्स, पेऑन व लिबेरियन हे पुरुष अशी त्यांची नावे होती. युएल्पिस्तस हा कप्पदुकियाचा असून सम्राटाच्या घराण्यातील गुलाम होता. हिएराक्स फ्रुगियातील इकुन्या येथून आलेला होता. खटला रोमचा नगरप्रमुख क्विंटस युनियस रस्टिकस याच्यापुढे चालला. रस्टिकस स्वतः स्टोइक तत्त्वज्ञ आणि मार्कस ऑरेलियस यांचा गुरू होता. तत्त्वज्ञाचा झगा घालणाऱ्या आरोपीचा न्याय दुसऱ्या एका तत्त्वज्ञाकडून झाला.

या खटल्याचा ग्रीक वृत्तांत तीन पाठांत उपलब्ध असून त्यातील सर्वांत लहान पाठ मूळ न्यायालयीन नोंदीच्या जवळचा मानला जातो. शिकवणीविषयी विचारल्यावर रस्टिकसने आरोपी कोठे जमतात, असा प्रश्न केला. ज्याला जेथे इच्छा व शक्य असेल तेथे ते जमतात आणि सर्वांना एकाच जागी जमणे शक्य नाही, असे उत्तर जस्टिन यांनी दिले. रस्टिकसने पुन्हा विचारल्यावर त्यांनी केवळ स्वतःच्या निवासस्थानाचा पत्ता सांगितला आणि आपल्याला दुसरी कोणतीही सभेची जागा ठाऊक नसल्याचे म्हटले. सभेत काय होते हे सम्राटापुढे मांडणाऱ्या जस्टिन यांनी न्यायालयात मात्र इतर सभास्थाने उघड केली नाहीत. तशी माहिती मिळाली असती, तर तेथे जमणारे लोकही अडचणीत आले असते.

प्रत्येक आरोपीने स्वतंत्रपणे ख्रिस्ती असल्याची कबुली दिली. जस्टिन यांनी आपल्याला ख्रिस्ती केले का, असे विचारल्यावर काहींनी आपण आधीपासूनच ख्रिस्ती असल्याचे आणि आईवडिलांकडून ही श्रद्धा मिळाल्याचे सांगितले. देवांना यज्ञ अर्पण करण्याची आज्ञा सर्वांनी नाकारली. रस्टिकसने फटके मारून शिरच्छेद करण्याची शिक्षा सुनावली व ती अमलात आणण्यात आली.

कॉन्स्टंटाइन यांची आज्ञा आणि रविवारची सुट्टी

इ.स. ३१३ मध्ये ख्रिस्ती धर्माला साम्राज्यात मोकळीक मिळाली. ७ मार्च ३२१ रोजी सम्राट कॉन्स्टंटाइन यांनी सूर्याच्या दिवशी न्यायाधीश, नगरवासी आणि कारागीर यांनी काम बंद ठेवावे, अशी आज्ञा काढली. पेरणी व द्राक्षलागवडीची योग्य वेळ हुकू नये म्हणून शेतकऱ्यांना त्यातून सूट होती. या आज्ञेत ख्रिस्ताचा किंवा उपासनेचा उल्लेख नाही. त्याच वर्षी जुलैमध्ये रविवारी गुलामांच्या मुक्ततेचे व्यवहार करण्यास परवानगी देण्यात आली. चौथ्या शतकातील लावदिकिया येथील धर्मसभेने ख्रिस्ती लोकांनी शनिवारी काम करावे आणि शक्य असल्यास प्रभूच्या दिवशी विश्रांती घ्यावी, असा नियम केला. यावरून कॉन्स्टंटाइन यांच्या आज्ञेने उपासनेचा दिवस निर्माण केला नाही, तर आधीच्या उपासनेच्या दिवसाला सार्वजनिक सुट्टीचे रूप दिले, हे स्पष्ट होते.

सुट्टी आणि उपासना या दोन गोष्टींतील हा फरक महाराष्ट्राच्या इतिहासातही दिसतो. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांमुळे १८९० मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची साप्ताहिक सुट्टी मिळाली. ती कामगारांच्या विश्रांतीच्या हक्काची मागणी होती.

अभ्यासकांमधील मतभेद

रविवारच्या उपासनेचा उगम नेमका केव्हा आणि कोठे झाला, याविषयी आधुनिक अभ्यासकांत मतभेद आहेत. स्विस अभ्यासक विली रोर्डोर्फ यांनी तिचा संबंध पुनरुत्थानानंतर येशूने शिष्यांसोबत घेतलेल्या भोजनाशी जोडला. सॅम्युएल बाक्कियोक्की यांनी १९७७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात, शब्बाथकडून रविवारकडे झालेला बदल दुसऱ्या शतकात मुख्यतः रोममध्ये, यहुदी समाजापासून वेगळे दिसण्याच्या गरजेतून आणि सूर्यपूजेच्या प्रभावातून घडला, असे मत मांडले. डी. ए. कार्सन यांनी १९८२ मध्ये संपादित केलेल्या ग्रंथातील रिचर्ड बॉकहॅम आदी लेखकांनी ही प्रथा याहून जुनी असल्याचे प्रतिपादन केले. या चर्चेत जस्टिन यांचे लेखन सर्वच पक्ष वापरतात. कारण दुसऱ्या शतकाच्या मध्यात रोममधील प्रथा कशी होती, याचा इतका स्पष्ट पुरावा अन्यत्र मिळत नाही.

ग्रंथांचे जतन आणि स्मरण

जस्टिन यांचे अनेक ग्रंथ नष्ट झाले, तर इतरांनी लिहिलेले काही ग्रंथ त्यांच्या नावावर चढवले गेले. त्यांचे उपलब्ध तिन्ही ग्रंथ मुख्यतः पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात असलेल्या १४ व्या शतकातील एका ग्रीक हस्तलिखितामुळे टिकून राहिले. त्याच्या आधारे रॉबर्ट एतिएन यांनी १५५१ मध्ये पॅरिस येथे पहिली मुद्रित आवृत्ती प्रसिद्ध केली.

कॅथलिक, ऑर्थोडॉक्स आणि अँग्लिकन पंथांत जस्टिन यांना संत मानले जाते. त्यांचा स्मृतिदिन १ जून रोजी पाळला जातो. कॅथलिक पंथात १९६९ पूर्वी तो १४ एप्रिल रोजी पाळला जात असे. त्यांना तत्त्वज्ञांचे आश्रयदाते संत मानण्याची परंपरा आहे.